तो माणूस गेटच्या आत आला होता

"बाप क्या करता है?"

मुन्शीनं कागदावरची मान वर न करता विचारलं. सकाळचा फॉलिन होता. आमच्या कंपनीच्या सगळ्या पोरी ग्राउंडवर तीन रांगांत उभ्या. ट्रेनिंगचा दुसरा आठवडा. चेन्नईचं ऊन सातलाच पाठीत शिरायला लागलेलं. मुन्शी म्हणजे कंपनीची कागदपत्रं बघणारा हवालदार. तो एकेकीला पुढं बोलावून तिचा फॉर्म तपासत होता.

"नहीं है, सर."

"था तब क्या करता था?"

फॉर्मवर लिहिलेलं होतं. त्याला वाचता येत होतं. तरी विचारलं.

"नगरपरिषद में था, सर. सफाई."

"सफाई मतलब? झाडू, के गटर?"

"दोनों, सर."

आमची ड्रिल शिकवणारी बाई शेजारीच उभी होती. तिला आम्ही उस्ताद म्हणायचो, बाई असो की पुरुष, शिकवणाऱ्याला तिथं उस्तादच म्हणतात. ती मुन्शीला म्हणाली, "चलो, एक टेन्शन खतम. लॅट्रिन ड्यूटी में लिखो, एक सौ बारह. परमनंट."

तिन्ही रांगा हसल्या.

मीही हसले. सगळ्यांच्या हसण्यात आपलं हसणं मिसळून जाईल, म्हणजे आपण वेगळ्या दिसणार नाही, असं वाटलं म्हणून हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. मुन्शीची येत नाही तेवढी येते.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. आम्ही मांग. वडील नगरपरिषदेत सफाई कामगार होते. मी नववीत असताना ते एका चेंबरमध्ये उतरले आणि वर आले नाहीत. त्यांच्या जागी आई लागली. वारसा हक्क म्हणतात त्याला. लोकांना वारशात शेत मिळतं, घर मिळतं. आम्हाला खराटा. आईचं वय झालं की तो माझ्या हातात येणार, हे ठरलेलंच होतं. तसं कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

मी बारावीनंतर पळायला लागले. खरंच पळायला. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी सडकेवर. भरती निघाली की भरायची. दोनदा मेडिकलमध्ये बाद झाले, तिसऱ्यांदा घेतली. एका केंद्रीय दलात. दलाचं नाव मी इथं घेणार नाही. ट्रेनिंग चेन्नईच्या बाहेरच्या अंगाला. आईनं नकाशात चेन्नई बघितली आणि म्हणाली, "लई खाली हाय की गं. पार टोकाला." मला तेच पाहिजे होतं. टोक.

तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी छातीवर नंबर लावला. एकशे बारा. नाव नाही, आडनाव नाही. हरियाणाची असो, आसामची असो, सगळ्यांना नंबर. मी त्या रात्री नंबरवरून हात फिरवत झोपले. वाटलं, आडनाव गेलं. सुटले.

तेरा दिवस टिकलं ते.

ट्रेनिंगचा दिवस कसा असतो ते सांगते. साडेचारला शिट्टी. पाच मिनिटांत बिस्तरा घडी करून, चादरीची एकही सुरकुती न ठेवता खाटेशेजारी उभं राहायचं. मग पीटी. मग नाश्ता, पुऱ्या नाहीतर इडली, उभ्या उभ्या. मग ड्रिल, टाच आपटून आपटून गुडघ्यापर्यंत कळ जाते. मग शस्त्राचा तास, रायफल खोलायची, पुसायची, जोडायची. मग वर्गात बसून कायदा. दुपारी लंगरमध्ये जेवण. पुन्हा ग्राउंड. संध्याकाळी हजेरी. कपडे धुवा, बूट चमकवा, झोपा. चुकलं की रगडा, म्हणजे शिक्षा. कोपरांवर सरपटा, कोलांट्या मारा, पाठीवरच्या पिशवीत, पिट्टूत, वाळू भरून ग्राउंडला फेऱ्या घाला.

हे सगळ्यांना होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट आवडायचं. रगडा मिळाला की सगळ्या सारख्या व्हायच्या. सगळ्यांच्या तोंडात तीच माती.

माझं वेगळं होतं ते नाश्त्याआधीचं. पीटी संपली की बाकीच्या नळाकडं पळायच्या आणि मी बादली घ्यायची. बारा संडास. आधी पाळी होती, दर आठवड्याला चार जणी. माझा बाप कळल्यावर पाळी गेली. एकदा मी उस्तादला विचारलं, पाळी का नाही. ती रागावली नाही. हे लक्षात ठेवा, ती रागावली नाही. सहज म्हणाली, "अरे, तेरा तो हाथ बैठा हुआ है."

माझा हात बसलेला नव्हता. मी आयुष्यात कधी दुसऱ्याचा संडास धुतला नव्हता. आईनं मला खराट्याला शिवू दिलं नव्हतं.

हळूहळू लंगरमध्ये माझ्या शेजारची जागा मोकळी राहायला लागली. कुणी काही बोलायचं नाही. फक्त ताट घेऊन पुढच्या बाकावर जायचं. एकीनं एकदा विचारलं, "हाथ साबुन से धोया ना?" तिच्या स्वतःच्या नखांत ग्राउंडची माती होती.

सेल्वी तेवढी बसायची. माझ्या शेजारच्या खाटेवरची. विल्लुपुरमकडची, शेतमजुराची पोर. मला अक्का म्हणायची, म्हणजे ताई. तिचं हिंदी मोडकं, माझं तमिळ शून्य. ती मला शब्द शिकवायची. तण्णी म्हणजे पाणी. वेण्डाम म्हणजे नको. वेण्डाम मला फार आवडला. आमच्याकडं नको म्हणताना मान खाली जाते. ती वेण्डाम म्हणायची तेव्हा हनुवटी वर जायची.

तीन महिने मी बारा संडास धुतले. रोज. कुणी मारलं नाही, कुणी जातीवरून शिवी दिली नाही. मीच स्वतःला समजावायचे, नऊ महिन्यांचा प्रश्न आहे, मग खांद्यावर पट्टी येईल, मग कोण विचारतं. असं समजावण्यात मी हुशार झाले होते.

रायफलीतही हुशार झाले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून खोलून जोडायची, तर कंपनीत माझ्याइतकी जलद कुणी नव्हती. फायरिंग रेंजवर पहिल्यांदा नेलं त्या दिवशी माझ्या पाचही गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसल्या. कंपनी कमांडर साहेब स्वतः टार्गेट बघायला आले. ते मराठी. पुण्याचे. गोरे, तरुण, बोलणं मऊ. मला मराठीत म्हणाले, "अरे वा. कुठली तू?"

मी गाव सांगितलं. आडनाव सांगितलं.  मग ते हसून म्हणाले, "छान. तुमच्या लोकांतून असं कुणी पुढं आलं ना, की मला मनापासून बरं वाटतं."

सगळ्यांसमोर कौतुक झालं होतं. मी सावधानमध्ये उभी होते. मला रडायला येत होतं आणि का येतंय ते कळत नव्हतं. तीन महिने हिंदीत ऐकलेलं इतकं लागलं नव्हतं. हे माझ्या भाषेत होतं. त्याला अर्थ लावायला वेळच लागत नाही, सरळ आत जातं.

कायद्याचा तास तेच साहेब घ्यायचे. राज्यघटना शिकवायचे. अस्पृश्यता नष्ट झाली आहे, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं आणि आम्ही वहीत उतरवून घेतलं होतं. आणखी एक शिकवलं होतं. हुकूम पाळायचा, पण हुकूम कायदेशीर असला पाहिजे. बेकायदेशीर हुकूम पाळणारा शिपाईसुद्धा गुन्हेगार. ते त्यांनी परीक्षेसाठी सांगितलं. मी ते फक्त परीक्षेसाठी ऐकलं नाही.

नोव्हेंबरात चेन्नईला पावसाची झोड उठते. चार दिवस सूर्य दिसला नाही. ग्राउंडचं तळं झालं. आमच्या बराकीमागं संडासांची मोठी टाकी होती, ती तुंबली. घाण उलटी वर आली, बाराही संडासांतून, न्हाणीघरापर्यंत. पाचव्या दिवशी पाऊस थांबला. आणि दोन दिवसांनी कोणी मोठे अधिकारी तपासणीला येणार होते.

सकाळी उस्तादनं मला टाकीपाशी बोलावलं. टाकीवरचं लोखंडी झाकण पहार घालून सरकवलेलं. तिच्या हातात दोरी होती.

"नीचे पाइप के मुंह पे कचरा अटका है. उतर के निकाल दे. पाँच मिनट का काम है."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मैं, उस्ताद?"

"और कौन? तेरे घर का काम है. तुझे पता होगा कैसे करते हैं."

कसं करतात ते मला ठाऊक होतं. वडील घरी बोलायचे नाहीत, पण एकदा बोलले होते. झाकण काढल्यावर लगेच कधी उतरायचं नाही. वास येतो तोवर बरं. वास यायचा बंद झाला की समजायचं, नाक मेलं, आता माणूस. ते स्वतः कुणाच्या तरी घाईपायी लगेच उतरले होते.

मी त्या काळ्या चौकोनाकडं बघितलं.  मी शूर वगैरे नव्हते. मला भीती वाटत होती. पण तोंडातून जे आलं ते भीतीचं नव्हतं.

"नहीं उतरूँगी, उस्ताद."

"क्या?"

"ये हुकम कानून में नहीं है. टंकी में आदमी उतारना गुनाह है. साहब ने क्लास में बोला है, ऐसा हुकम नहीं मानना."

तिच्या चेहऱ्यावर आधी राग नव्हता. नवल होतं. बादली बोलली तर माणसाला वाटेल तसं नवल. मग तिनं दोरी खाली टाकली आणि म्हणाली, "पिट्टू उठा. रायफल उठा. ग्राउंड."

पिट्टूत ओली वाळू. रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर. चिखलात उभं राहायचं, हलायचं नाही. मी उभी राहिले. खांदे जळत होते आणि छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. मी नाही म्हणाले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगायचं तर मी त्या चिखलात खूश होते.

तो आनंद किती वेळचा? तासाभराचा असेल.

मागच्या गेटातून, जिथून लंगरची भाजी येते तिथून, एक टेम्पो आत आला. पहाऱ्यावरच्या शिपायानं साखळी काढली. मी उभी होते तिथून शंभरेक पावलांवर. टेम्पोतून दोन माणसं उतरली. एक पन्नाशीचा, बारीक, लुंगी वर दुमडलेली, डोक्याला टॉवेल. दुसरा त्याच्याहून जरा लहान. उस्तादनं त्यांना बोट करून टाकी दाखवली.

मला कळलं.

मी नाही म्हणाले होते ते फक्त माझ्यापुरतं. टाकी तशीच होती. तिला माणूस लागणार होता. मी नाही, तर तो.

बारीक माणसानं शर्ट काढून नीट घडी घातली आणि टेम्पोच्या टपावर ठेवली. कमरेला दोरी बांधली. आणि उतरला. लगेच. झाकण काढलेलं होतं, पण आत हवा खेळली होती की नाही, कोण बघतं. मास्क नाही, काही नाही. मला ओरडायचं होतं. मला ठाऊक होतं ना. त्या सगळ्या कॅम्पात मला एकटीला ठाऊक होतं. मी ओरडले नाही. मला शिक्षा झाली होती आणि शिक्षेत बोलायचं नसतं. तीन महिन्यांत त्यांनी मला इतकं शिकवलं होतं. मी सावधान होते.

तो एकदा वर आला. बादलीभर घाण वर दिली. कठड्याला टेकून एका हातानं पाणी प्यायला, दुसऱ्याला काहीतरी बोलून हसला. मला इतकं बरं वाटलं. मग पुन्हा उतरला.

दोरी सैल पडली. दुसऱ्यानं हाक मारली. "एळुमलै!" मग आणखी मोठ्यानं. "डेय, एळुमलै!"

मी रायफल टाकली. चिखलात टाकली. पिट्टूसकट पळाले. दुसरा माणूस दोरी ओढत होता, त्याच्या एकट्यानं होत नव्हतं. मी दोरी धरली. उस्ताद "एक सौ बारह! एक सौ बारह!" म्हणून ओरडत होती. मागून सेल्वी आली. तिघांनी ओढलं. माणूस वर आला तो कमरेत दुमडलेला, तोंडात सगळं ते भरलेलं. मी बोटं घालून काढलं. छाती दाबली. कायद्याच्या वर्गाशेजारच्या वर्गात प्रथमोपचार शिकवतात, ते सगळं केलं. तो गरम होता. गरम होता म्हणून तो वाचेल असं मला वाटत राहिलं.

त्याला टेम्पोतच घालून नेलं. ॲम्ब्युलन्स कॅम्पात होती. ती काढली नाही. घाण होईल म्हणून, की कागदावर येईल म्हणून, मला माहीत नाही. टपावर ठेवलेला शर्ट वळणावर खाली पडला. कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी लंगरच्या भाजीवाल्याकडून सेल्वीला कळलं. तो वाटेतच गेला होता.

आणि दुपारी कंपनीला कागद वाचून दाखवला. त्या दिवशी कॅम्पमध्ये बाहेरचं कुणीही आलं नव्हतं. भिंतीबाहेरच्या नाल्यात पुरामुळं एक माणूस पाय घसरून पडल्याचं समजतं. आमच्यापैकी कुणी काही पाहिलेलं नाही. खाली सह्या.

रांग लागली. सगळ्यांनी सह्या केल्या. सेल्वीनंही केली. रात्री खाटेवर तोंडात चादर कोंबून रडत होती. म्हणाली, "अक्का, घर में दो छोटा बहन है." मी तिला दोष देत नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. थोडा देते. दोरीला तिचेही हात होते.

मी सही केली नाही म्हणून मला साहेबांच्या ऑफिसात नेलं. त्यांनी खुर्ची दिली. रिक्रूटला खुर्ची देत नाहीत. चहा मागवला.

"बस. आपण आपल्या भाषेत बोलू," ते म्हणाले. "हे बघ, तुझ्यावर दोन आरोप आहेत. हुकूम मोडलास आणि रायफल चिखलात टाकलीस. यात मला तुला आजच घरी पाठवता येतं. पण मला तसं करायचं नाहीये. तू माझ्या धाकट्या बहिणीसारखी आहेस. तुझ्यासारख्या मुली पुढं यायला पाहिजेत. एवढी एक सही कर, आणि मी हे दोन्ही कागद फाडून टाकतो."

"सर, तो माणूस आत आला होता."

"कोण माणूस?"

"एळुमलै."

 ते चहाचा कप माझ्याकडं सरकवून म्हणाले, "हे बघ, तुम्हा लोकांचा प्रॉब्लेम काय आहे माहितीये? तुम्ही प्रत्येक गोष्ट स्वतःच्या अंगावर ओढून घेता. तो तुझा कोण होता?"

मी उत्तर दिलं नाही. मला ते त्या वेळी सुचलं नाही. चहा प्यायले नाही, एवढंच माझ्याकडून झालं. त्यांनी मला सोमवारपर्यंत मुदत दिली.

रविवारी फोन मिळायचा. मी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, बरं केलंस. नवरा असाच गेला ना तिचा.

ती म्हणाली, "सही कर."

"आई, माणूस मेला."

"मेला त्यो. तू जित्ती हायस. सही कर आन् वर्दी घालून ये."

 मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, "मी बी केली व्हती. अंगठा दिल्ता. तुझा बाप दारू पिऊन पडला म्हून लिव्हलं व्हतं त्यायनी. त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पर मी अंगठा नस्ता दिला तर मला कामावर घेतलं नस्तं. तुला काय खाऊ घालणार व्हते?"

आठ वर्षं आम्ही त्या अंगठ्यावर जेवत होतो. गावात लोक म्हणायचे, दारुडा होता. आई ते ऐकून घ्यायची. मी शाळेत भांडायचे, माझा बाप पीत नव्हता म्हणून, आणि घरी आल्यावर आई मला मारायची. का मारायची ते मला त्या फोनवर कळलं.

मी फोन ठेवला. आईचा राग आला नाही. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. माझ्याकडं मात्र होतं. मला लिहिता येत होतं.

सोमवारी ऑफिसात तो कागद समोर ठेवला. इंग्रजीत होता. साहेब मीटिंगला गेले होते. ऑफिसात टायपिंग करणारे एक म्हातारे बाबू होते, बाहेरचे, वर्दी नसलेले. मी कागद हातात घेऊन अडखळत वाचत होते, तर ते हळूच म्हणाले, "मी सांगूं काय, बाळ? मी तंजावरचा. आमच्या घरीं मराठीच." त्यांचं मराठी जुनं होतं, तमिळसारखा हेल काढून बोलायचे. त्यांनी ओळ न् ओळ सांगितली. माझ्या कागदात एक ओळ जास्त होती. मी आळसानं काम टाळलं आणि उस्तादशी उद्धट बोलले, त्याबद्दल माफी मागते.

"सही करून टाक, बाळ," ते म्हणाले. "हे मोठे लोक. आपण काय करणार? उगाच जन्म वाया घालवतेस."

"मला कोरा कागद द्या, बाबा."

त्यांनी दिला. मी लिहिलं. टेम्पो कुठल्या गेटातून आला. साखळी कुणी काढली. बोट कुणी दाखवलं. तो कितीदा उतरला. दोरी कुणी ओढली. आधी मला उतरायला सांगितलं होतं, ते कुठल्या शब्दांत. बारा संडास कधीपासून आणि का. शेवटी लिहिलं, मला ठाऊक असून मी ओरडले नाही. खाली पूर्ण नाव. आडनावासकट. नंबर नाही लिहिला.

बाबूंनी बघितलं आणि कळवळून म्हणाले, "अगे, मराठीत लिहिलंस? इथं मराठी कोण वाचील?"

"साहेब वाचतील," मी म्हणाले. "त्यांचीच भाषा आहे."

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. त्यांचे कान लाल झाले होते. वर बघून मराठीत बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मुन्शीला हाक मारून हिंदीत म्हणाले, "इसका सामान पॅक कराओ."

दोन दिवसांत मला काढलं. दलात राहण्यास अयोग्य, असा शेरा. माझ्या कागदाचं काय झालं, माहीत नाही. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला नव्हता. मोबाइल फक्त रविवारी मिळायचा. तेवढी अक्कल नव्हती मला.

गावी गेले नाही. चेन्नईतच, शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतीत सिक्युरिटी गार्ड आहे. बारा तास उभं राहायचं. तिथली पोरं इंग्रजीत बोलत, माझ्याकडं न बघता कार्ड टेकवतात आणि आत जातात. आई फोनवर बोलते, पण जेवलीस का, यापुढं जात नाही. सेल्वी पास झाली. पासिंग आउटचा फोटो पाठवला होता. मी बघितला. उत्तर दिलं नाही.

एळुमलैच्या भावानं पोलिसात अर्ज दिला होता. त्यावर चौकशी बसली. भावाचा पत्ता भाजीवाल्याकडून काढला आणि मी तिथं गेले. एळुमलैची बायको दारातच उभी राहिली. आत बोलावलं नाही. तिला कामाला घेतलं होतं, ज्यानं एळुमलैला कॅम्पात पाठवलं त्याच ठेकेदारानं, झाडायला. तिनंही कागदावर अंगठा दिला होता. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगत होते की मी बघितलं, मी दोरी ओढली, मी सांगेन. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पो मा." जा बाई. रागानं नाही. अगदी दमून.

तिच्या तोंडावर मला माझी आई दिसली. मी तिला काय सांगणार होते? तिच्या चुलीत घालायला माझ्याकडं खरं सोडून काही नव्हतं.

भावानं अर्ज मागं घेतला असं ऐकते. दुसरा माणूस, दोरी धरणारा, शहरात नाही म्हणतात. चौकशीच्या ऑफिसात मी तीनदा गेले. पहिल्यांदा चौकशीचे अधिकारी रजेवर होते. दुसऱ्यांदा फाइल दुसरीकडं होती. तिसऱ्यांदा तिथला कारकून म्हणाला, "तू नातेवाईक आहेस का त्याची? नाही ना? मग तुझा काय संबंध?"

कॅम्पातल्या साहेबांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. या वेळी सुचलं.

मी म्हणाले, "त्याच्या आधी मला उतरायला सांगितलं होतं."

त्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटत नाही त्यानं काही लिहिलं असेल. कुणाला शिक्षा होईल असं मला वाटत नाही. त्या टाकीवरचं झाकण परत बसवलं असेल. ती परत भरेल, परत तुंबेल. परत कुणाला तरी, तुझ्या घरचं काम आहे, म्हणून सांगतील. हे सगळं मला दिसतं. मी डोळे झाकून घेतलेले नाहीत.

गुरुवारी मला सुट्टी असते. गुरुवारी मी पुन्हा जाणार आहे. त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर उभ्या उभ्या मोठ्यानं सांगेन, व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाहेर काढलं तर पुढच्या गुरुवारी परत जाईन. एळुमलै गेटच्या आत आला होता. हे खोटं ठरवायला त्यांना मला दर गुरुवारी पुन्हा खोटं ठरवावं लागेल.

त्या खोट्यावर सही मी देणार नाही.